पंच्याहत्तरची उतरंड

मला याद्या करायची खोड आहे. लाइट बिलाच्या पाठीमागे, औषधाच्या पाकिटावर, मीटिंगमध्ये दिलेल्या पॅडवर, कुठंही. सांगलीतल्या भेळेच्या गाड्यांची उतरंड मी किमान चार वेळा लावलीय आणि चारही वेळा वेगळी आलीय. गेल्या महिन्यात ताप येऊन तीन दिवस घरात पडून होतो, तेव्हा १९७५ सालातल्या आपल्या आवडत्या इंग्रजी अल्बमांची यादी करायला घेतली. मुलगी म्हणाली, बाबा ७५ मध्ये तू एक वर्षाचा होतास, तुझा काय संबंध? बरोबर आहे तिचं. त्या वर्षी आमच्या घरात एक रेडिओ होता आणि त्यावर काय लागायचं असं आईला विचारलं तर ती म्हणते बातम्या, दुसरं काय, आणीबाणी होती ना.

पण रॉक ऐकणाऱ्या माणसाला असं एखादं साल असतंच. ७१ वाले असतात, ७३ वाले तर भरपूर असतात, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही कारण त्यांच्याकडे पिंक फ्लॉइडचा डार्क साइड ऑफ द मून आहे. मी ७५ वाला. का ते शेवटी कळेल, मलाही यादी करतानाच कळलं.

नियम एकच ठेवला की रेकॉर्ड ७५ मध्ये बाजारात आलेली पाहिजे, वाजवली कधी ते बघायचं नाही. करताना नियम सोपा वाटला आणि त्यानंच घात केला. कारण शक्ती या बँडची पहिली रेकॉर्ड, म्हणजे जॉन मॅकलॉफ्लिनची गिटार, एल. शंकरचं व्हायोलिन, विक्कू विनायकरामांचं घटम आणि आपला माहीमचा झाकीर, हे सगळे ५ जुलै १९७५ ला अमेरिकेतल्या एका कॉलेजात लाइव्ह वाजवतायत, आणि रेकॉर्ड आली ७६ मध्ये. बाद. त्याच नियमानं बॉब डिलनच्या बेसमेंट टेप्स मात्र आत, ज्या त्यानं ६७ मध्ये एका घराच्या तळघरात बसून टेप केल्या आणि आठ वर्षांनी ७५ च्या जूनमध्ये बाहेर आल्या. म्हणजे ७५ मध्ये वाजवलेलं बाहेर आणि ६७ मध्ये वाजवलेलं आत. असले नियम सरकारी ऑफिसातच होतात असं वाटायचं मला. शेवटी दोन्ही सोडले, एक नियमानं आणि दुसरा रागानं.

सातवा नंबर पॅटी स्मिथचा हॉर्सेस. पांढरा शर्ट, खांद्यावर टाकलेला कोट आणि तुम्ही कोण लागून गेलात असं बघणारी नजर, हा मॅपलथॉर्पनं काढलेला फोटो मी गाण्यांच्या आधी पाहिला आणि खरं सांगायचं तर अजूनही फोटोच जास्त आवडतो. ती गाते कमी आणि बोलते जास्त, मंत्र म्हटल्यासारखी, आणि बोलता बोलता कधी ओरडायला लागली ते कळत नाही. माझ्याकडे फार उशिरा आली ही रेकॉर्ड, पस्तिशीनंतर. उशिरा ओळख झालेल्या माणसाशी अरे-तुरे व्हायला वेळ लागतो.

सहावा स्प्रिंगस्टीनचा बॉर्न टू रन. याच्या नुसत्या शीर्षकगीतावर सहा महिने काम चाललं होतं म्हणे आणि ते ऐकू येतं, चांगल्या अर्थानं आणि वाईटही, इतकं ठासून भरलंय त्यात की बाहेर पडायला वाट नाही. त्या ऑक्टोबरात टाइम आणि न्यूजवीक दोघांच्याही कव्हरवर एकाच आठवड्यात हा माणूस होता. न्यू जर्सीतून गाडी काढून पळून जायचं, पोरीला मागं बसवायचं, हायवे, रात्र. आमच्याकडे एम-एटी होती आणि ती विश्रामबागच्या पुढं तापायची. तरी शेवटचं जंगललँड लागलं आणि क्लॅरेन्स क्लेमन्सचा सॅक्सोफोन सुरू झाला की मी वाद घालायचं थांबवतो.

पाचवा नील यंगचा टुनाइट्स द नाइट. ७३ मध्ये वाजवून कपाटात ठेवलेला, दोन वर्षांनी बाहेर काढलेला. त्याच्या बँडमधला गिटारवाला आणि सामान सांभाळणारा पोरगा असे दोघं नशेनं गेले, त्यांच्यासाठी रात्री बसून प्यायलेल्या माणसांनी वाजवल्यासारखा आहे सगळा. आवाज चिरतो, सूर घसरतात, कुणी दुरुस्त करायच्या भानगडीत पडलेलं नाही. वर्षातून एकदाच ऐकतो, जास्त झेपत नाही.

चौथ्या नंबरवर दोघं आहेत. शाळेत बक्षीस विभागून द्यायचे तसं, म्हणजे दोघंही नाराज. क्वीनचा अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा आणि लेड झेपलिनचा फिजिकल ग्राफिटी. आम्ही हॉस्टेलची पोरं सांगलीहून पाचगणीला ट्रिपला गेलो, टेबल लँडवर घोड्यांच्या लिदीतून चाललो, स्ट्रॉबेरी खाल्ल्या, आणि इथल्याच सेंट पीटर्स शाळेत तो फारुख बलसारा, म्हणजे क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, शिकला, इथंच त्यानं पोरांचा पहिला बँड काढला, हे एकालाही माहीत नव्हतं. टेपवर मात्र त्याचंच गाणं चालू होतं. बोहेमियन ऱ्हाप्सोडी, पाच मिनिटं पंचावन्न सेकंद, धृपद नाही, मध्येच ऑपेरा, आणि त्यात तो बिस्मिल्ला म्हणतो ते ऐकून आमच्यातला एकजण गाडीत उठून उभाच राहिला. रेडिओवर इतकं लांब गाणं कोण लावणार असं तेव्हा सगळे म्हणत होते आणि मग ते इंग्लंडात नऊ आठवडे एक नंबरला बसलं. बाकी अल्बम मात्र जत्रेसारखा आहे, एक पाळणा, एक मौत का कुआँ, एक रसवंती. मला जत्रा आवडते पण रोज नको.

झेपलिनचं उलटं. डबल रेकॉर्ड, पंधरा गाणी, त्यातली कितीतरी आधीच्या अल्बमांतून उरलेली, म्हणजे फोडणीचा भातच एका अर्थानं, पण शिळ्याची चव काही औरच असते हे महाराष्ट्राला सांगायला नको. त्यातलं काश्मीर. लिहिणारा रॉबर्ट प्लँट काश्मीरला गेलेलाच नव्हता, मोरोक्कोच्या वाळवंटात गाडी चालवताना त्याला सुचलं. ड्रम आपले चारात चाललेत सरळ, आणि वरची गिटार तीनात, आणि मग दोघं कुठंतरी समेवर भेटतात, आपल्याला ते समजावून सांगावं लागत नाही, मान आपोआप पडते. ही दोघं, प्लँट आणि जिमी पेज, ७२ मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांना घेऊन आपलीच जुनी दोन गाणी वाजवून गेली होती. त्याचा काश्मीरशी संबंध असेल नसेल, मी तो जोडून टाकलाय.

आता तिसरा. आणि इथं माझी पंचाईत आहे कारण संगीत म्हणून, नुसतं संगीत म्हणून बघितलं, तर हा पहिला पाहिजे. कीथ जॅरेटचा कोलोन कॉन्सर्ट. २४ जानेवारी १९७५, जर्मनीतलं कोलोन, तिथलं ऑपेरा हाउस. कार्यक्रम ठेवलाय अठरा वर्षांच्या एका मुलीनं, व्हेरा ब्रँडेस तिचं नाव. ऑपेराचा खेळ संपल्यावर हॉल मिळणार म्हणून वेळ रात्री साडेअकराची. जॅरेट स्वित्झर्लंडहून गाडीनं आलाय, पाठ धरलीय, झोप नाही, आणि स्टेजवर जाऊन बघतो तर पियानो भलताच. त्यानं मागितला होता मोठा बोझेनडॉर्फर, लोकांनी आणून ठेवलाय त्याच कंपनीचा पण छोटा, तालमीचा, वरच्या पट्ट्या पत्र्यासारख्या वाजतायत, खालच्यांत दम नाही, पेडल चालत नाही. तो म्हणाला मी वाजवत नाही. गाडीत जाऊन बसला. ती पोरगी पावसात भिजत गाडीपाशी गेली आणि तिनं त्याला कसंबसं तयार केलं.

मग त्यानं काय केलं, तर वरच्या पट्ट्या जमेल तितक्या टाळल्या, मधल्या भागात राहिला, आणि डाव्या हातानं खाली एकच चाल पुन्हापुन्हा ठोकत बसला कारण त्याशिवाय चौदाशे माणसांच्या हॉलमध्ये खर्ज पोचणारच नव्हता. आमच्या गल्लीच्या गणपतीत एक पेटीवाले काका यायचे, त्यांच्या पेटीची काळी दोन मुकी होती, आणि ते असे काही तिला वळसा घालून जायचे की ऐकणाऱ्याला वाटायचं चालच अशी आहे. तेच, पण सहासष्ट मिनिटं, आणि जवळजवळ सगळं आयत्या वेळी सुचलेलं. पहिल्या भागात तो दोनच कॉर्डवर इतका वेळ काढतो की आपल्याकडचा कुणी असता तर लोक म्हणाले असते वा, आलापी सावकाश आहे. मध्येच स्वतः कण्हतो, गुणगुणतो, पाय आपटतो. काहींना त्याचा त्रास होतो, मला होत नाही, आपल्याकडे मैफलीत गवई हातवारे करतात, साथीदार हाय हाय करतात, शेजारचा मांडीवर ताल धरून चुकीच्या जागी सम देतो, आपल्याला सवय आहे. एकट्या पियानोच्या रेकॉर्डमध्ये सगळ्यात जास्त खपलेली म्हणतात ती ही. त्या रात्री चांगला पियानो मिळाला असता तर काय वाजवलं असतं त्यानं, हा विचार मी तापात दोन दिवस केला.

मग तिसरा का? कारण ही रेकॉर्ड मी सीडीवर ऐकली, चांगल्या हेडफोनवर, पगार सुरू झाल्यावर, कुणीतरी लिहिलेलं वाचून. आणि वरचे दोन मला सांगलीच्या हॉस्टेलात समोरच्या खोलीतल्या सिनियरनं दिले. ९२ साल. त्याच्याकडे डबल डेकवाला टेप होता, त्यामुळे सगळं हॉस्टेल त्याच्याशी गोड बोलायचं. मी त्याला म्हटलं मला इंग्रजीतलं काही कळत नाही पण ऐकायचंय. त्यानं टीडीकेची नव्वदची कॅसेट आणायला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी भरून दिली. वर एवढंच म्हणाला, आधी ऐक लगा, मग बोल.

एका बाजूला पिंक फ्लॉइडचा विश यू वेअर हिअर. चव्वेचाळीस मिनिटांचा, म्हणजे पंचेचाळीसच्या बाजूत मापून शिवल्यासारखा बसतो. पहिलंच गाणं शाइन ऑन यू क्रेझी डायमंड, सुरुवातीला तो लांबच लांब सूर, गिटारचे चार स्वर यायला जवळजवळ चार मिनिटं लागतात. एकदा लाइट गेली म्हणून सेलवर लावला होता आणि सेल संपत आले होते, टेप मंद मंद होत चालला, आणि आम्ही तिघंचौघं डोळे मिटून काय खोल आहे यार म्हणत बसलो, गायचं सुरू झालं आणि गाणारा म्हैस रेकल्यासारखा निघाला तेव्हा कळलं. त्यांचा जुना मित्र सिड बॅरेट, ज्यानं बँड उभा केला आणि नंतर ज्याचं डोकं फिरलं, त्याच्यावर हे गाणं आहे, आणि ७५ च्या जूनमध्ये हे स्टुडिओत त्याच गाण्यावर काम करत असताना तोच तिथं येऊन उभा राहिला, सुटलेला, डोकं आणि भुवया भादरलेल्या, आणि सुरुवातीला कुणी ओळखलंच नाही. हे मला खूप नंतर कळलं. तसंच दोन माणसं हस्तांदोलन करतायत आणि एक पेटलाय, हे कव्हरही. आमच्या कॅसेटला कव्हर नव्हतं, वहीचा कागद होता.

दुसऱ्या बाजूला डिलनचा ब्लड ऑन द ट्रॅक्स. लग्न मोडत चाललेल्या दिवसांतली गाणी. न्यूयॉर्कमध्ये ७४ च्या सप्टेंबरात रेकॉर्ड करून झाली होती, डिसेंबरात घरी मिनेसोटाला गेल्यावर भावाचं ऐकून त्यानं पाच गाणी तिथल्या स्थानिक पोरांना घेऊन परत केली, पण कव्हरं आधीच छापून झालेली, त्यामुळे त्या पोरांची नावं कुठंच आली नाहीत. पहिल्या महिन्यात मला शब्द एकही कळला नाही, फक्त माणूस चिडलाय आणि त्याला वाईटही वाटतंय एवढं कळलं, आणि अठराव्या वर्षी तेवढं पुरतं. आता मुद्दा असा की हा अल्बम जवळजवळ बावन्न मिनिटांचा आहे. कॅसेटची बाजू पंचेचाळीसची. शेवटून दुसरं गाणं शेल्टर फ्रॉम द स्टॉर्म, वादळातून आलेल्या माणसाला ती बाई दर कडव्याच्या शेवटी आत बोलावते, आणि आमच्या कॅसेटवर चारपाच कडवी झाली की टक्. बटण वर. तो आपला दारातच. मला वाटायचं गाणं असंच संपतं, मॉडर्न असेल काहीतरी. त्याच्या नंतर आणखी एक गाणं आहे याचा तर पत्ताच नव्हता. २००३ मध्ये मुंबईला काळ्या घोड्यापाशी ऱ्हिदम हाउसमध्ये, आता ते बंद झालं, सीडी घेतली, ट्रेनमध्ये उलटी करून वाचली तर मागं दहा नावं. नऊच पाहिजेत ना. घरी जाऊन आधी ते दहावं लावलं, बकेट्स ऑफ रेन, साडेतीन मिनिटंसुद्धा नाही, नुसती गिटार, बेस आणि तो, आणि राग पार गेलेला.

तर पहिला डिलन, दुसरा फ्लॉइड. दोन्ही नंबर एकाच कॅसेटवर निघतील असं वाटलं नव्हतं, आणि तसे निघाल्यावर मग सालाचं कौतुक जरा कमी करावं लागलं, कारण त्या सिनियरनं ७३ भरून दिलं असतं तर मी ७३ वाला झालो असतो. मुलीला हे सांगितलं. तिनं फोनवर शेल्टर फ्रॉम द स्टॉर्म लावलं, आणि ते सव्वादोन मिनिटांपाशी आलं तेव्हा माझा हात बाजू बदलायला पुढं गेला, चहाच्या कपावर आपटला.

ताप उतरल्यावर कॅसेट शोधून काढली. वाजवायला घरात काही नाही. वहीच्या कागदावर बॉलपेननं लिहिलेलं अजून वाचता येतं: ए, फ्लॉइड. बी, डिलन, शेवटी थोडं कटलंय.