शुक्रवार संध्याकाळ आणि लघवीची पट्टी

इंग्लंडमधल्या केअर होममध्ये अँटिबायोटिकची मागणी सगळ्यात जोरात होते ती शुक्रवारी दुपारनंतर. साडेसहाला जीपीचा, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरचा, दवाखाना बंद होणार, तो थेट सोमवारी उघडणार. मधे काही झालं तर 111 या आरोग्य-सल्ल्याच्या नंबरला फोन लावायचा, ताटकळायचं आणि आपल्या रेसिडेंटला आयुष्यात कधी न पाहिलेल्या डॉक्टरला सगळा इतिहास सांगायचा. त्यापेक्षा 'एक कोर्स आत्ताच लिहून ठेवा' हे सगळ्यांनाच बरं वाटतं. नर्सला, घरच्यांना, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरलाही.

मी यॉर्कशायरमधल्या अशाच एका होममध्ये नर्स आहे. रेसिडेंट बहुतेक ऐंशीच्या पुढचे, त्यात डिमेन्शियावाले बरेच. आईला फोनवर हे सांगितलं की ती म्हणते, "अगं, मग देऊन टाकावी ना गोळी! म्हाताऱ्या जिवाला कशाला तिष्ठत ठेवता?" तिचंही बरोबर आहे. आपल्याकडे 2014 पासून बरीच अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या कडक यादीत, आहेत, पाकिटावर लाल रेघ असते, तरी सोसायटीखालच्या मेडिकलमधून अॅझिथ्रोमायसिन आणायला अजून कुणाला चिठ्ठी लागत नाही. इथे अशी नुसती मागून गोळी मिळत नाही. पण चिठ्ठी मिळवणं फारसं अवघड नसतं, विशेषतः तुम्ही 'लघवीचं इन्फेक्शन' हे शब्द उच्चारलेत तर.

मध्यंतरीचीच गोष्ट. टपालखात्यात आयुष्य काढलेल्या आमच्या एक बाई रात्री दोन वाजता डायनिंग रूममध्ये उभ्या राहून नॅपकिनचे गठ्ठे लावत होत्या, रस्त्यारस्त्याप्रमाणे. हात लावू देईनात, ओरडायला लागल्या. एजन्सीकडून आलेल्या केअररने लघवीत डिपस्टिक, म्हणजे तपासणीची पट्टी, बुडवली. नायट्राइटचा चौकोन गुलाबी झाला, म्हणजे लघवीत जंतू असल्याची खूण. सकाळच्या हँडओव्हरमध्ये वाक्य तयार होतं: गोंधळलेल्या आहेत, लघवीला उग्र वास आहे, इन्फेक्शन असणार. नऊच्या सुमारास मुलीचा फोन: "मागच्या वेळी अगदी असंच झालं होतं. गोळ्या दिल्या आणि दोन दिवसांत आई ताळ्यावर आली."

अडचण अशी की या वयात ती पट्टी जवळपास काहीच सांगत नाही. केअर होममधल्या निम्म्यापर्यंत वृद्धांच्या लघवीत जंतू असतातच, आणि कायमचा कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर बहुतेक सगळ्यांच्याच. ते तिथे नुसते राहतात, त्रास देत नाहीत. म्हणून तर 65 वर्षांवरच्या माणसाचं इन्फेक्शन डिपस्टिकवरून ठरवू नका, असं इथल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. बघायचं ते माणसाकडे. लघवी करताना नव्याने जळजळ होते का? नसेल, तर ताप, ओटीपोटात दुखणं, अचानक वारंवार जावं लागणं, लघवीत रक्त, नव्याने झालेला भ्रम यांतलं दोन तरी आहे का? आणि नुसता भ्रमच असेल तर आधी बाकीची कारणं शोधा. त्यासाठी इथे 'पिंच मी' नावाची आठवणीची युक्ती शिकवतात: दुखणं, दुसरं एखादं इन्फेक्शन, पोटात अन्न नसणं, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, औषधं, बदललेली जागा.

बाईंना ताप नव्हता. पोट दाबलं तर ओटीपोट नाही, डावी बाजू दुखत होती. शौचाचा तक्ता काढला तर पाच दिवस कोरा. आठवड्यापूर्वी गुडघ्यासाठी कोडीन सुरू झालेलं; या वेदनाशामकाने बद्धकोष्ठता होते. कानातल्या यंत्राची बॅटरी संपलेली, म्हणजे रात्री लोक त्यांच्याशी काय बोलत होते ते त्यांना कळतच नव्हतं. आणि खिडकीत चहाचे तीन कप, तिन्ही अर्धे. जुलाबाचं औषध दिलं, बॅटरी बदलली, कोडीनबद्दल जीपीशी बोलले, दर चार तासांनी ताप, नाडी, श्वास मोजला. तिसऱ्या दिवशी बाई मला विचारत होत्या की आज मासे आहेत का.

गोळ्या दिल्या असत्या तरी बाई तिसऱ्या दिवशी बऱ्या झाल्याच असत्या, आणि श्रेय गोळ्यांनी नेलं असतं. मुलीचा 'मागच्या वेळचा' अनुभव असाच तयार झालेला असणार. तिला मी दोष देत नाही. लीड्सहून दोन तास गाडी चालवत येणाऱ्या माणसाला 'आम्ही लक्ष ठेवून आहोत' यापेक्षा 'औषध चालू केलंय' ऐकायला हवं असतं.

लाल पायांचंही तेच. दोन्ही पाय सुजून लाल झाले की लगेच फ्लुक्लॉक्सासिलिन हे अँटिबायोटिक. सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेखालचं इन्फेक्शन, दोन्ही पायांना एकदम क्वचितच होतो. बहुतेकदा दिवसभर खुर्चीत बसून पाय लोंबकळल्याचा तो परिणाम असतो.

'दिली तर बिघडलं काय' हा प्रश्न रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळीवर असलेल्या माणसाबाबत विचारू नये. त्यावर लघवीच्या इन्फेक्शनसाठीचं ट्रायमेथोप्रिम दिलं तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. मूत्रपिंड थकलेलं असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन हे दुसरं अँटिबायोटिक लघवीपर्यंत नीट पोचतच नाही. आणि सी. डिफ. नावाचा जंतू आहेच; अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जंतू मेले की हा माजतो. दिवसाला दहा-दहा जुलाब, माणूस खोलीत एकटा कोंडलेला, आणि त्याचे बीजाणू हाताच्या अल्कोहोल जेलने मरत नाहीत; साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात, खोली क्लोरीनने पुसावी लागते. नव्वदीतला माणूस यातून उठतोच असं नाही.

याची दुसरी बाजूही आहेच. म्हाताऱ्यांना गंभीर इन्फेक्शनमध्येही कधीकधी ताप चढत नाही, आणि सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शनमुळे सगळं शरीरच कोलमडणं, वाट बघत नाही. श्वास वाढला, रक्तदाब पडला, माणूस निपचित झाला तर मी शुक्रवार बघत नाही, अँब्युलन्ससाठी 999 लावते.

पोलंड, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये केअर होममधल्या आणि घरी राहणाऱ्या अशाच अशक्त वृद्धांवर झालेला एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. आधी लक्षणं नीट तपासा, मग ठरवा, अशी पद्धत घालून दिली, तर लघवीच्या इन्फेक्शनच्या संशयावरून दिलेले कोर्स माणशी वर्षाला 0.27 होते, नेहमीच्या पद्धतीत 0.58. निम्म्याहून कमी, आणि हॉस्पिटलात जाणं किंवा मृत्यू त्यामुळे वाढले नाहीत.

हे वाचून आमच्या मॅनेजर खूश झाल्या. त्यांनी डिपस्टिकच्या बाटल्या कपाटातून काढून टाकल्या, ते उत्तमच केलं. दिवसातून सात वेळा पेयांची ट्रॉली फिरवायची असंही ठरलं. बर्कशायरमधल्या काही होम्सनी हे आधी करून दाखवलंय. पण ट्रॉली फिरवणं वेगळं आणि गिळायला वेळ लागणाऱ्या माणसाला कपभर पाणी पाजणं वेगळं. एकेकाला पंधरा मिनिटं लागतात. भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाला मग वेळेवर टॉयलेटलाही न्यावं लागतं, तेही हॉइस्टने, म्हणजे माणूस उचलायच्या यंत्राने, दोघींनी मिळून. चार तासांनी नाडी मोजायची तर मोजणारं कुणीतरी हवं. गोळीला एक ग्लास पाणी आणि चार्टवर एक सही पुरते. बाटल्या त्याच दिवशी गेल्या. रात्रपाळीला आणखी एक केअरर द्या, हा माझा अर्ज अजून बजेटमध्ये अडकलाय.