भुकेची रेघ

ओळखीतली एक मुलगी पोषणशास्त्रात पीएच.डी. करतेय. न्याहारीत काय खाल्लं की पोट किती वेळ भरलेलं राहतं, हा तिचा विषय. तिला मधुमेह नसलेल्या, निरोगी बायका हव्या होत्या. ‘ताई, याल का?’ म्हणाली आणि मी संमतीपत्रावर सही केली.

तयारी कडक होती. आदल्या रात्री ठरलेलंच जेवण, त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही, सकाळचा चहासुद्धा नाही. पाळीची तारीख आधीच लिहून घेतली होती. पाळी यायच्या आधीच्या दिवसांत अनेकींची भूक वाढते, म्हणून दोन्ही फेऱ्या पाळीनंतरच्या दिवसांतच ठेवल्या. एकदा कांदेपोहे, एकदा मुगाचं धिरडं, उष्मांक सारखेच. उष्मांक सारखे असले तरी पोट सारखं भरत नाही, हे सिडनीत १९९५ साली ३८ पदार्थांवर तपासलं गेलंय. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले आणि क्रोसाँला फक्त ४७.

न्याहारीच्या आधी, लगेच नंतर आणि मग दर अर्ध्या तासाने एक कागद हातात यायचा. भूक किती लागलीय, पोट किती भरलंय, आत्ता किती खाऊ शकाल, समाधान किती वाटतंय. प्रत्येक प्रश्नाखाली १०० मिलीमीटरची आडवी रेघ. तिच्यावर आकडे नाहीत, फक्त दोन टोकांना शब्द. वाटेल तिथे खूण करायची, मग ती मुलगी डाव्या टोकापासून खुणेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजते. भरलेला कागद लगेच काढून घेतात, कारण तो समोर राहिला तर माणूस मागच्या खुणेशी जुळवून घेतो. झेरॉक्सही चालत नाही, त्यात रेघेची लांबी बदलू शकते.

मी अडले ती उजव्या टोकाशी. तिथे लिहिलं होतं, ‘आजवर इतकी भूक कधीच लागली नव्हती’. मला हरतालिकेचा निर्जळी उपास आठवला. दुपारी जीव कासावीस होतो, संध्याकाळी मात्र भूक मरते आणि नुसता थकवा उरतो. मग टोक कोणतं धरायचं? ती म्हणाली, ‘ताई, कुठलंही धरा, पण दोन्ही वेळा तेच धरा.’ माझे ६० आणि शेजारच्या बाईंचे ६० सारखेच, असं इथे कुणी मानत नाही. माझी तुलना माझ्याशीच. कोपनहेगनच्या संशोधकांनी ५५ तरुण पुरुषांवर या रेघा तपासल्या होत्या. २००० साली छापलेल्या त्या कामातही एकाच माणसाच्या दोन वेळांची तुलना जास्त भरवशाची ठरली.

अकराच्या सुमारास बाहेर चहा उकळायला लागला. ‘किती खाऊ शकाल’ची खूण सरळ उजवीकडे सरकली, पण ‘पोट किती भरलंय’ची जिथल्या तिथे राहिली. चार वेगळे प्रश्न कशाला, ते मला तेव्हा पटलं. १९१२ साली अमेरिकेत शरीरक्रियाशास्त्रज्ञ कॅनन आणि त्यांचा विद्यार्थी वॉशबर्न यांनी केलेला प्रयोग मला यामुळेच फार जवळचा वाटतो. वॉशबर्नने पोटात फुगा गिळून ठेवला. जठराच्या हालचाली यंत्रावर उमटत होत्या आणि भुकेची कळ आली की तो बटण दाबून नोंद करायचा. यंत्र होतं, तरी भूक लागली का, हे सांगायला माणूसच लागला.

दुपारी मुगाची खिचडी, पोट भरेपर्यंत. एकटीने, मोबाइलशिवाय. पानात टाकायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं, त्यामुळे वाढून दिलेलं ताट पोट भरलं तरी संपवलंच जातं. तिने हे ओळखून ताट वाढलंच नाही. वजन केलेलं पातेलं आणि डाव समोर ठेवला, हवं तेवढं मी घेत गेले आणि उरलेलं पातेलं तिने परत वजनकाट्यावर ठेवलं. असा बारकाईने विचार करणारी माणसं आपल्याकडे हे काम करतात, याचं मला खरंच कौतुक वाटलं.

सगळं झाल्यावर मी माझे दोन्ही आलेख मागून घेतले. धिरड्याच्या दिवशी भुकेची रेघ बराच वेळ खाली राहिली होती, पोह्यांच्या दिवशी लवकर वर चढली. खिचडी मात्र दोन्ही दिवशी जवळपास सारखीच संपली होती. हे कसं, असं विचारल्यावर ती म्हणाली, खुणा आणि खाणं नेहमी जुळतातच असं नाही, म्हणून दोन्ही मोजतो. एकीच्या आलेखावरून काही ठरत नाही. तिला अजून बायका हव्या आहेत, आणि माझ्या जावेला मी विचारून ठेवलंय.