उजव्या चाकाचा काळा पट्टा

लग्नात, मुंजीत, लोकमान्य नगरातल्या गणपतीत, कुठेही गाठ पडली की पोरं हाच प्रश्न काढतात: "काका, कॉन्टेसात स्कॉर्पिओचं इंजिन टाकलंत ते कळलं. पण मागचा एक्सल कशाला बदलला? चालत होता की!" परवा एकाने तर हिशेबच मांडला, की तेवढ्या पैशात मोठा टर्बो आला असता. एक्सल म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा आणि फिरवणारा आडवा भाग. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सगळंच सांगतो. अर्धं सांगितलं की ऐकणारा उरलेलं अर्धं मनाने भरतो, आणि मग मला त्याच्या गाडीखाली झोपावं लागतं.

गाडी १९९५ची कॉन्टेसा क्लासिक. अंग बंगालमधल्या उत्तरपाड्याचं, पण १.८ लिटरचं इसुझू इंजिन आपल्या इंदूरजवळच्या पीथमपूरचं. हिंदुस्तान मोटर्सच्या तिथल्या कारखान्यात ती बनत. मी त्याच वसाहतीत दुसऱ्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलं, त्यामुळे या इंजिनाबद्दल मला शेजाऱ्याच्या मुलाबद्दल वाटावं तसं वाटतं. पण प्रेमाने वेग येत नाही. पंचाऐंशीच्या आसपास हॉर्सपॉवर आणि अंगाने भरलेली गाडी. ड्रॅग रेसचे ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, पळायला ती इतका वेळ घ्यायची की शेवटाला उभा असलेला माणूस मोबाइल काढून बसायचा.

म्हणून ठोकलेली एक स्कॉर्पिओ भंगारात घेतली. तिचं इंजिन एमहॉक डिझेल, २,१७९ सीसी, १२० हॉर्सपॉवर, २९० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर. इंजिन, गियरबॉक्स, वायरिंग, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सगळं काढून आणलं. मागचा एक्सल मात्र तिथेच सोडला, कारण तो कॉन्टेसाला रुंद पडत होता. हा माझा शहाणपणा. इंजिन बसवण्याच्या कहाण्या तुम्ही खूप ऐकल्या असतील: इंजिनाखालचं तेलाचं भांडं गाडीच्या आडव्या तुळईला अडतं, रेडिएटर पुरत नाही, नाक जड झाल्याने पुढच्या स्प्रिंगा बसतात. तसंच सगळं झालं. सहा महिने गेले.

पहिल्याच दिवशी गाडी एका जुन्या धावपट्टीवर नेली, क्लच सोडला, आणि उजवं चाक जागच्या जागी भिरभिरलं. डावं शांत. मागे वळून पाहिलं तर काँक्रीटवर एकच काळा पट्टा, उजव्या बाजूचा. याला कारण आहे. अखंड एक्सल असलेल्या गाडीत इंजिनाकडून मागे येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा पीळ सगळा एक्सलच फिरवू बघतो. डावं चाक जमिनीत दाबलं जातं, उजवं उचललं जातं. आणि दोन चाकांत जोर वाटणारा साधा डिफरेंशियल इतका भाबडा, की ज्या चाकाला पकड नाही त्याच्या मानाने दुसऱ्याला जोर देतो. एक घसरलं की दुसरंही मोकळं.

मग मी केलं ते तुम्ही करू नका. डिफरेंशियलच्या आतल्या छोट्या गियरना वेल्ड मारून दोन्ही चाकं एक करून टाकली. दुसऱ्या खेपेला दोन्ही चाकांनी पकड घेतली आणि पाठीमागून बंद डब्यात फरशी फोडल्यासारखा आवाज आला. गाडी उभी. इंजिन मस्त गुरगुरतंय, चाकं जागची हलत नाहीत. तोवर घसरणारं चाकच त्या एक्सलला वाचवत होतं. मी ती पळवाट बुजवली होती.

हिशेब आधी केला असता तर? इंजिनाचे २९० न्यूटन मीटर पहिल्या गियरमध्ये साधारण चौपट होतात, मागे एक्सलमधल्या क्राऊन-पिनियनमध्ये, म्हणजे मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांच्या जोडीत, आणखी ३.७ पट. म्हणजे एक्सलवर ४,३००च्या आसपास न्यूटन मीटर, आणि क्लच झटक्यात सोडला तर क्षणभर त्याहूनही जास्त. जुन्या इंजिनाचा टॉर्क याच्या निम्म्यालाही पोचत नव्हता. मागचं कव्हर उघडलं तेव्हा काळ्या तेलात पिनियनचे तीन दात पडलेले. एक मी ठेवलाय. टोकाला चकचकीत, तुटला तिथे राखाडी, खरबरीत, रव्यासारखा.

परत भंगारवाल्याकडे गेलो. स्कॉर्पिओचा एक्सल तिथेच होता, पण भंगारवाल्याला आता किंमत कळली होती. "भिया, उस दिन ले जाते तो फ्री था." दिले पैसे.

एक्सलची बाहेरची नळी, म्हणजे हाउसिंग, दोन्हीकडून ४० मिलिमीटर कमी केलं. नळी कापणं सोपं, परत वेल्ड करताना ती ओढली जाते. मी आरपार सरळ बार घालून, वाक मोजणारं डायल लावून, थोडं-थोडं, आळीपाळीने विरुद्ध बाजूंना वेल्ड घेतलं. दोन रविवार. आतून चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचं काम मात्र आळसापायी बाहेर दिलं, आणि त्या वर्कशॉपने मूळ शाफ्ट मधोमध कापून, वेल्ड करून, वरून सुंदर घासून दिला. तिसऱ्या खेपेला तो वेल्डच्या शेजारी तुटला. दुसऱ्या बाजूच्या शाफ्टचे स्प्लाइन, म्हणजे टोकाचे लांबट दाते, सरळ न राहता सुंभासारखे पीळ पडलेले. मग ईएन २४ या मजबूत पोलादाचा रॉड आणला, स्वतः टर्न केला, स्प्लाइन कापून घेतले, हीट ट्रीटमेंट ओळखीच्या माणसाकडून समोर उभं राहून करवून घेतली.

सगळ्यात जास्त वेळ लागला क्राऊन-पिनियनच्या सेटिंगला. दातांना निळा रंग लावायचा, हाताने फिरवायचं, डाग कुठे उमटतो ते बघायचं. दाताच्या टोकाला उमटला तर पिनियनमागची शिम, म्हणजे पातळ चकती, वाढव, बुडाशी उमटला तर काढ. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, ०.१५ ते ०.२० मिलिमीटर. संध्याकाळी सात वाजता डाग दाताच्या मधोमध आला, छान लांबट, तांदळाच्या दाण्यासारखा, तेव्हा बायकोला बोलावून दाखवला. ती म्हणाली, "बरं. पोहे गार झालेत."

रेशोचंही, म्हणजे क्राऊन-पिनियन किती पट करतं त्याचंही, विचारता म्हणून सांगतो. पेट्रोलवाले मागचा रेशो मोठा घ्या म्हणतात, डिझेलला ते लागू नाही. माझ्या टायरचा घेर दोन मीटरला जरा कमी. १३० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला साधारण १,१०० फेरे घेतं. चौथा गियर सरळ, म्हणजे एकास एक, मागे ३.७, म्हणजे इंजिन चार हजारांच्या जरा वर. एमहॉकची पूर्ण ताकद तिथेच आहे. ४.५ लावला असता तर पाच हजार, आणि तिथे डिझेल नुसतं ओरडतं.

पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रावर पळवता का, असंही विचारतात. तिथली ११.३ किलोमीटरची पट्टी कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे, आमच्यासारख्यांच्या हौसेसाठी नाही. रस्त्यावर तर प्रश्नच नाही. गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत हे स्पष्ट केलंय. गाडी आयशर ट्रकवर चढून जाते, आयशरवरून उतरते.

आता ४०२ मीटरला ती सोळा सेकंदांच्या वर घेते. हसू नका. शोरूममधल्या कितीतरी गाड्या हे एसी लावून करतात. पण कुणी फोटो मागितला तर मी गाडीचा दाखवत नाही, काँक्रीटचा दाखवतो: दोन काळे पट्टे, सारख्या लांबीचे.

गेल्या महिन्यात ईसीयूला थोडा मॅप मारला, म्हणजे जोर वाढवायला त्याची सेटिंग बदलली. एक्सल शांत आहे. आता क्लच घसरतोय.