तोट्याचा हिशोब कुणी करायचा?

पर्यावरण वगैरे पोट भरलेल्यांचे विषय, गरिबाला आधी काम पाहिजे, असं आपल्याकडे किती सहज बोललं जातं. जोआन मार्तिनेझ-आलिएर या बार्सिलोनाच्या अर्थशास्त्रज्ञाने आयुष्यभर याच्या उलट दाखवून दिलंय, की जंगल-पाण्यासाठी सगळ्यात आधी भांडतात ती गरीब माणसंच, कारण त्यांचं जगणंच त्यावर असतं. 2023 चा होलबर्ग पुरस्कार, म्हणजे मानव्यविद्या-समाजशास्त्रातला नॉर्वेचा मोठा पुरस्कार, त्यांना मिळाला. पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते एन्व्हायर्न्मेंटल जस्टिस अॅटलास, जगभरातले खाणी, धरणं, तेल, कचरा यावरचे हजारो संघर्ष नकाशावर, संशोधक आणि कार्यकर्ते मिळून नोंदवतात. 2014 ला सुरू झाला, बघाच एकदा.

त्यांचा एक मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही. नुकसान कुठल्या मापाने मोजायचं हे ठरवतं कोण? कंपनी म्हणते पैशात मोजा, भरपाई घ्या. ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचे डोंगरिया कोंध आदिवासी म्हणाले डोंगर आमचा देव आहे, त्याची किंमत होत नाही, आणि 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून झालेल्या बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं!! मला हे अजूनही भारी वाटतं.

आता गोवा घ्या. तिथे एक टन लोहखनिज काढायला अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते, तिचे डोंगराएवढे डंप होतात, पावसाळ्यात ती वाहून भातशेतीत गाळ बसतो, आणि खाण भूजलाच्या खाली गेली की पाणी उपसत राहतात मग आजूबाजूच्या विहिरी आटतात. निर्यातीच्या आकड्यांमध्ये विहिरीला रकानाच नाही. सत्तरी तालुक्यातल्या सोनशी गावच्या लोकांनी 2017 मध्ये धूळ आणि पाण्यासाठी खनिजाचे ट्रक अडवले तर 45 जण तुरुंगात गेले, प्यायचं पाणी मागितलं म्हणून, राग येतो हो.

सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये गोव्यातल्या खनिज विक्रीचा 10 टक्के पैसा पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या फंडात ठेवायला सांगितलं, 2018 मध्ये 88 खाणींच्या लीज रद्द केल्या. चांगलंच झालं. पण ट्रकवाले, बार्जवाले यांचा रोजगार गेला तोही खराच, आणि खाण बंद झाल्यावर त्यांचं काय हा प्रश्नसुद्धा न्यायाचाच आहे, आपल्याकडच्या संशोधकांनी यावर अजून खूप लिहायला पाहिजे, आणि मराठी-कोकणीत लिहायला पाहिजे, म्हणजे सोनशीतल्या माणसाला ते वाचून चूक काढता येईल.