दोन आण्याचं दगडफूल

आजीच्या वहीत गोड्या मसाल्याचं एक पान आहे. वरचा भाग सरळ आहे: धणे एक शेर, सुकं खोबरं अर्धा शेर, तीळ पावशेर, जिरं पावशेर. शेर म्हणजे ऐंशी तोळे, आजच्या हिशेबात सुमारे ९३३ ग्रॅम. तेवढा मसाला आमच्या दोघांच्या घरात दोन वर्षं संपायचा नाही, म्हणून सगळ्याचा चौथा हिस्सा घ्यायचा असं ठरवलं. पण त्याखाली आजीनं वजनं सोडूनच दिली आहेत. दगडफूल दोन आण्याचं. नागकेशर एक आण्याचं. शहाजिरं एक आण्याचं. हिंग सुपारीएवढा. शेवटी एक रेघ आणि दोन शब्द: खमंग भाजणे.

आता दोन आण्याचा चौथा हिस्सा अर्धा आणा, हे मला काढता येतं. पण अर्ध्या आण्याचं दगडफूल कोण देणार? १९५७ साली रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आजीच्या तोंडून आणे काही गेले नाहीत, त्यामुळे पानाच्या वयाचाही अंदाज बांधता येत नाही. मावशीला फोन केला.

"अगं, दोन आण्याचं दगडफूल म्हणजे किती?"

"अरे, पुडी यायची ना कागदाची. एवढी."

"एवढी म्हणजे केवढी?"

"आता फोनवर कशी दाखवू!"

नंतर मला त्या यादीचीच गंमत वाटायला लागली. धणे, तीळ, खोबरं हे पोटभरीचे जिन्नस, ते मापानं. वासाचे जिन्नस पैशानं. म्हणजे नागकेशर महागलं की पुडी आपोआप लहान होणार, स्वस्त झालं की मसाल्यात नागकेशर जास्त. आजीचा मसाला दरवर्षी बाजाराप्रमाणे थोडा बदलत असणार. आणि आम्ही सगळी भावंडं मात्र शपथेवर सांगतो की तिच्या आमटीची चव कधी म्हणून बदलली नाही!

शेवटी दगडफूल अंदाजानंच आणलं. याचं नाव फूल असलं तरी ते फूल नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून झाडाच्या सालीवर, खडकावर थाटलेला संसार आहे तो. हातात घेतलं तर वाळका, करडा पाचोळा. सालीचे तुकडे आणि कचरा निवडण्यातच अर्धा तास गेला. कच्च्याला वास असा फारसा नाहीच. पण चमचाभर तेलात टाकलं आणि स्वयंपाकघरात एकदम ओल्या मातीचा, धुराचा, जुन्या लाकडी कपाटाचा असा काहीतरी वास पसरला. गोड्या मसाल्याचा म्हणून जो वास आपण ओळखतो, त्यातला निम्मा हाच असतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. लवंग-दालचिनीचं उगाच नाव होतं.

भाजताना प्रत्येक जिन्नस वेगळा. धणे निवांत गडी, त्यांना मंद आचेवर वेळ द्यावा लागतो; जिरं तेवढ्या वेळात काळं ठिक्कर पडेल. तीळ तडतडले की उतरवायचे. खोबऱ्याचा कीस मात्र धीर पाहतो. बराच वेळ पांढराच राहतो, मग पाठ फिरवली की करपतो. तो तांबूस-तपकिरी झाल्यावर थांबायचं, कारण मसाल्याचा रंग बराचसा तिथेच ठरतो. (याला आमच्याकडे काळा मसालाही म्हणतात. काही घरांत काळा मसाला म्हणजे मिरची घातलेला झणझणीत प्रकार, आणि या विषयावर लग्नघरातसुद्धा वाद होतात, तेव्हा मी पुढे जातो.)

मी खरी माती खाल्ली ती दळताना. सगळं एकदम मिक्सरमध्ये घातलं आणि बटण दाबून चहा प्यायला गेलो. तिळाला आणि खोबऱ्याला तेल सुटलं, भांडं तापलं, आणि पात्याभोवती चॉकलेटसारखा गोळा बसला. कोरडे जिन्नस आधी थांबत थांबत बारीक करून चाळायचे आणि तीळ-खोबरं शेवटी नुसतं फिरवून मिसळायचं, हे वहीत नव्हतं. असेल कसं? आजी उखळीत कुटायची. तो गोळा आठवडाभर भरल्या वांग्यांत घालून संपवला, वांगी उत्तम झाली.

दुसऱ्या खेपेला मसाला जमला. या वेळी दगडफूल आधी वजन करून घेतलं होतं. बरणीत भरला, वर हिंगाचा खडा ठेवला, आणि वहीतल्या दोन आण्यांशेजारी पेन्सिलीनं ग्रॅम लिहून टाकले. आता पुढच्या पिढीला कुणाला फोन करायला नको, म्हणून जरा ऐटीतच एक डबी मावशीकडे घेऊन गेलो. तिनं झाकण उघडलं, चिमूटभर तळहातावर घेऊन चोळलं, नाकाशी नेलं.

"बरा झालाय रे. दगडफूल कमी पडलंय."

"किती?" मी खिशातून पेन काढलं.

मावशीनं पुन्हा एकदा वास घेतला, डोळे मिटून.

"घाल की अजून आणाभर."