तुम्ही विचारलंत म्हणून: ते हिरवं प्लास्टिक अजून का आहे

"एवढं सगळं झालं, तरी ते प्लास्टिकचं गवत काढलं नाहीत?" भाजीवाल्यासमोर विचारून झालं, लग्नाच्या पंगतीत विचारून झालं. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, ड्रेसिंगला यायच्या त्या सिस्टरनीही विचारलं. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतोच: तुम्ही स्वतःच्या हातानं बसवलंत ना? हो, मीच बसवलं. आता एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी लॉनचं. नवी मुंबईत, नेरूळच्या आमच्या रो-हाऊसमागे लॉन होतं, हे सगळ्यांना आठवतं. ते का गेलं, ते कुणालाच आठवत नाही. दोन्ही बाजूंच्या घरांवर मजले चढले आणि आमचं अंगण विहिरीच्या तळासारखं झालं. लॉन पिवळं पडलं, विरळ झालं, मग हराळीनंही अंग काढून घेतलं. उरलं फक्त लव्हाळ्याचं तण. जूनमध्ये चिखल, ऑगस्टमध्ये कडेच्या फरशीवर शेवाळ. अण्णा पावसाळाभर काठी घेऊन दारातच उभे. "तुम्ही एवढ्या झाडाझुडपांच्या, आणि प्लास्टिक?" असं म्हणणाऱ्यांपैकी एकानंही त्या चिखलात काठी टेकून बघितली नव्हती.

माणूस का नाही लावला? बोलावले होते. आले ते सगळे एकच म्हणाले, माती चोपू, वर रोल अंथरू, एका दिवसाचं काम. पाण्याचं काय? "बॅकिंगला भोकं असतात ताई." गवताच्या त्या पाठीला असतात, कबूल. पण भोकातून खाली गेलेलं पाणी पुढे कुठे जाणार? आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खाली चोपलेली चिकणमाती असेल तर ते पाणी तिथेच कुजणार आणि वर वास येणार.

म्हणून मी वरची चार-पाच इंच माती काढली. नर्सरीवाल्यानं ती फुकटसुद्धा घेतली नाही. लव्हाळ्याच्या गाठी बघितल्या आणि हात जोडले. खाली खडी, त्यावर ग्रिट, त्यावर क्रश सँड, प्रत्येक थर धुम्मसानं चोपलेला. गवंड्याकडून लेव्हलची नळी आणून चेंबरच्या दिशेला दर मीटरला सेंटीमीटरभर उतार काढला. वर जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं आणि तण अडवणारं कापड. रोल दोन मीटर रुंदीचा असतो, म्हणजे जोड आलाच. दोन्ही पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली लागतात, नाहीतर एक पट्टा गडद आणि एक फिकट दिसतो. कापायचं ते पाठीकडून, टाक्यांच्या दोन ओळींमधून. माझा जोड आजही बोट ठेवून दाखवल्याशिवाय कुणाला दिसत नाही. एवढी बढाई मारू द्या.

अण्णा खुर्ची टाकून बघत बसायचे. हॉकीचे जुने भक्त. "१९७६ ला मॉन्ट्रियलला याच गवतानं आपल्याला सातव्या नंबरवर नेऊन बसवलं," म्हणाले. ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली ती तिथेच. पण पहिला मोठा पाऊस झाला, थेंब साचला नाही, आणि अण्णा छत्री घेऊन अंगणात फेऱ्या मारायला लागले. त्या दिवसांत मला कुणी प्लास्टिकबद्दल बोललं असतं, तर मी भांडले असते. पाणी वाचतं, कापावं लागत नाही, औषधं मारावी लागत नाहीत, सगळं तोंडपाठ होतं.

मग मे आला. वर्षभर ज्या अंगणाला ऊन लागत नाही, त्यालाही मेमध्ये लागतं. पंधरा मेच्या आसपास आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो. दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे दोन भिंतींच्या मधून ऊन सरळ तळाशी. जिवंत गवत मुळांनी ओढलेलं पाणी पात्यांतून सोडत राहतं, म्हणून उन्हातही पायाला गार लागतं. पॉलिथिलीनचं पातं काय सोडणार? भर उन्हात ते ६० अंशांच्याही पुढे तापतं.

वाळवणाचे दिवस. खाटेवर जुनी साडी आणि तिच्यावर साबुदाण्याच्या चिकवड्या. कावळा आला. अण्णा काठी घेऊन तसेच उठले, चपला न घालता. कावळा हाकलला. साडीची टोकं उडत होती, त्यांवर दगड ठेवले. मग उलटलेल्या चिकवड्या एकेक सरळ करत बसले, अण्णांना अर्धवट काम चालत नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. "अण्णा, ऊन आहे, डोक्यावर टॉवेल घ्या," एवढं मी ओरडून सांगितलं. डोक्यावर!

आत आले, जेवले, आडवे झाले. चहाला उठले तेव्हा लादीवर ओली पावलं उमटली. मला वाटलं बाथरूममधून आले असतील. पुसायला वाकले, तर फडकं चिकटलं.

"अण्णा, पाय बघू."

"कशाला गं? काही झालेलं नाही."

चवड्याखालची कातडी सुटून तिला सुरकुत्या पडल्या होत्या. अंगठ्याखालचा फोड फुटला होता, आतलं लाल दिसत होतं. दुखत नाही का विचारलं, तर म्हणाले, नाही. खोटं बोलत नव्हते. मधुमेहानं तळव्यांची जाणीव कधीच गेली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "रस्त्यावर अनवाणी चालले का?" म्हटलं, नाही, घरच्या अंगणात. "फरशी आहे?" म्हटलं, गवत. त्यांनी मान वर केली. मग कसलं गवत ते मला सांगावं लागलं.

जखम भरेपर्यंत पावसाळा सरला. बोटं वाचली.

नणंदेनं तेव्हा जे सुनवायचं ते सुनावलं, आणि मीही तिला सुनावलं. कडाप्पा घातला असता तर तो तापला नसता? घरातसुद्धा अनवाणी फिरू नका, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं नव्हतं? सगळं खरं आहे. पण एप्रिलमध्ये मलाही तिथे चटका बसला होता. मी पायरीवर उडी मारली, चपला घातल्या आणि विसरून गेले. आणि दुसरं म्हणजे, कडाप्पा तापतो हे अण्णांना लहानपणापासून माहीत आहे. भर दुपारी ते कडाप्प्यावर अनवाणी उतरलेच नसते. समोर हिरवं दिसलं म्हणून उतरले. यावर मला नणंदेला द्यायला उत्तर सापडलेलं नाही. तिनं हे अजून विचारलेलं नाही, ते सोडा.

मग काढत का नाही? काढून काय घालू? माती मी घालवली, ऊन शेजाऱ्यांनी. पेव्हर ब्लॉक घातले की पुन्हा शेवाळ. आणि तो रोल टाकू कुठे? पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, लॅटेक्स, वर वाळू, सगळं एकमेकांना चिकटलेलं. भंगारवाल्यानं तुकडा हातात घेऊन परत दिला. पाणी मारा म्हणतात, हॉकीवाले मारतात तसं. मारते. गार होतं, आणि जरा वेळात पुन्हा होतं तसं. म्हणजे पाणी वाचतं म्हणून मिरवणारी मी आता मेमध्ये प्लास्टिकला पाणी घालते. मार्चपासून वर शेडनेट बांधतो. लव्हाळा तर जिओटेक्स्टाइल भेदून माझ्या त्या जोडातूनच वर आलाय.

मी लोकांना सांगते की अण्णाच ठेव म्हणतात. म्हणतात खरे, पावसात फेऱ्या मारायला मिळतात म्हणून. पण मी धुम्मस उचलताना ते रोज समोर बसलेले असायचे. माझ्या तोंडावर "काढ" म्हणायला त्यांना जमत नसेल, हेही मला कळतं. गेल्या आठवड्यात मी म्हटलं, अर्धं काढू या का? तर म्हणाले, "कुठलं अर्धं?" त्यावरून वाद झाला, तो अजून चालू आहे.

तुमच्याकडे बसवायचं चाललं असेल, तर दुकानदाराकडून एक तुकडा मागून घ्या, मेमध्ये साडेबाराला गच्चीवर ठेवा आणि हात नाही, पाय ठेवून बघा. मग खडी किती इंच आणि जोड कसा, ते मला खुशाल विचारा.