मामांचा खोकला आणि खरा पेशंट

परवा आमच्याकडे फ्लूचं मॉक ड्रिल होतं. वॉर्डातल्या मामांना, म्हणजे आमच्या वॉर्डबॉयना, पेशंट केलेलं, त्यांनी गेटातून खोकत यायचं आणि त्यांना मास्क देऊन बाजूला कोण बसवतं, किती वेळात, ते मी कॅज्युअल्टीची इन्चार्ज सिस्टर म्हणून बघायचं. मामा जीव तोडून खोकले. केसपेपरच्या खिडकीवरून काय उत्तर? "सुट्टे द्या." मग ते ओपीडीच्या बाकावर जाऊन बसले, एका बाजूला डायबेटिसच्या आजी, दुसरीकडे तान्हं बाळ घेतलेली बाई, आणि कुणाचंच लक्ष नाही.

२००९ ची, पुण्यातल्या नायडू हॉस्पिटलसमोरची स्वाइन फ्लूच्या तपासणीची रांग मी बघितलीय. ३ ऑगस्टला पुण्यातली शाळकरी मुलगी गेली, स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू, आणि मग साधी शिंक आलेलेही रुमाल बांधून रांगेत, खरे आजारी आणि नुसते घाबरलेले एकमेकांना खेटून. पुढे ए, बी, सी अशा कॅटेगरी आल्या, म्हणजे साधा ताप असेल तर टेस्ट नको घरीच थांबा, धाप लागली की अ‍ॅडमिट. पण ही निवड गेटवरच झाली तर उपयोग ना!

तर ड्रिल चालू असतानाच रिक्षातून एक बाई उतरली, सातवा महिना, आदल्या दिवसापासून ताप, बोलताना धाप लागतेय. गार्ड हसत म्हणतो, "सिस्टर, तुमचा दुसरा पेशंट आला." ऑक्सिमीटर लावला तर ९१. ऑक्सिजन लावला, स्वॅब घेतला, आणि एन ९५ मागवले तर ते स्टोअरमध्ये कुलपात, चावीवाला जेवायला गेलेला (मास्क कुलपात ठेवायची ही अक्कल कुणाची देव जाणे).

डॉक्टरांनी लगेच फ्लूवरचं औषध ओसेल्टामिविर ७५ एमजी लिहिलं, दोन वेळा, पाच दिवस. नवरा घाबरला, "रिपोर्ट तरी येऊ द्या, पोटात बाळ आहे." त्याला म्हटलं, दादा, बाळ आहे म्हणूनच घाई, गरोदर बायकांना हा फ्लू जास्त जड जातो हे २००९ लाच दिसलंय आणि हे औषध पहिल्या ४८ तासांत दिलं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं. रिपोर्ट पॉझिटिव्हच आला. ती बरी होऊन घरी गेली.

ड्रिलच्या फॉर्मात बेड, व्हेंटिलेटर, सिलिंडर सगळ्याला रकाना आहे, खोकणाऱ्याला पहिल्यांदा कोण हटकणार त्याला नाही, तो मी पेनने आखला. मास्कचा खोका आणि एक ऑक्सिमीटर आता गेटवरच्या टेबलावर असतो. पुढचं ड्रिल रात्री घ्यायचंय कारण तेव्हा गेटवर एकटा गार्ड असतो, पण मामा म्हणतात रात्रीचं खोकायचं तर ओव्हरटाइम पाहिजे.